मालवाहू गाडीच्या शॉकअपची निवड : कडकपणा नव्हे, जुळणी पाहावी

शेतमालाच्या उत्पादनाविषयी शेतकऱ्यास जितका सल्ला मिळतो, त्याच्या दशांशानेही तो माल ज्या गाडीतून बाजारात जातो त्या गाडीविषयी मिळत नाही. हिमायतनगर तालुक्यात कापूस, सोयाबीन, हळद आणि भाजीपाला ही पिके घेणाऱ्या अनेक कुटुंबांपाशी आज स्वतःची लहान मालवाहू गाडी आहे. कोणाची पिकअप आहे, तर कोणाची २००५ साली बाजारात आलेली आणि 'छोटा हत्ती' या नावाने घरोघरी माहीत झालेली टाटा एस. हंगामात घरचा माल, हंगामानंतर भाड्याचा माल, असा या गाड्यांचा क्रम असतो. गाडीचा हप्ता, टायर आणि डिझेल यांचा हिशेब मालक काटेकोरपणे ठेवतो. मात्र ज्या एका लहानशा भागावर टायरचे आयुष्य, मालाची प्रत आणि हाकणाऱ्याचा जीव अवलंबून असतो, तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील शॉकअप, बदलण्याची वेळ आली की निवड दोनच कसोट्यांवर होते : सर्वांत स्वस्त कोणता, किंवा सर्वांत कडक कोणता. या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. त्यांतील दुसरी तर मालकास सुज्ञपणाची वाटते, म्हणूनच ती अधिक हानिकारक ठरते.

धक्का कोण झेलतो?

या गैरसमजाचे मूळ नावातच आहे. 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' म्हणजे धक्का शोषून घेणारा, असा अर्थ होतो. वस्तुतः खड्ड्याचा धक्का प्रथम टायर आणि त्यानंतर पाटे किंवा स्प्रिंग झेलतात. गाडीचा व मालाचा भारही त्यांच्यावरच असतो. दाबलेला पाटा मात्र साठविलेली शक्ती परत देतो, आणि झोपाळ्याप्रमाणे गाडी वरखाली हेलकावत राहते. हा हेलकावा मोडणे एवढेच शॉकअपचे काम होय. त्याच्या नळीत तेल असते. दांडा आतबाहेर होताना दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ते तेल बळाने जाते, गतीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता नळीच्या पृष्ठभागावरून हवेत जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी उभी असताना तेलाचा शॉकअप काहीच भार उचलत नाही, कारण गती नसेल तर विरोधही नाही. भरलेली गाडी मागे बसत असेल तर दोष पाट्याचा किंवा जादा भाराचा असतो. त्या दोषावर कडक शॉकअप हा उपाय नव्हे. अशा वेळी नवा शॉकअप बसविणारा मालक पैसे खर्च करतो आणि मूळ दोष जेथल्या तेथे राहतो.

पाट्यांविषयी आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. एकावर एक अनेक पाटे रचलेल्या जुन्या पद्धतीच्या कमानीत पाटे परस्परांवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावा काही अंशी आपोआप कमी होतो. नव्या पद्धतीच्या, मधे जाड व टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या थोड्या पाट्यांच्या कमानीत हे घर्षण कमी असते. त्यामुळे अशा गाडीत शॉकअपवरील जबाबदारी वाढते. पूर्वीच्या गाडीला शॉकअप नसला तरी चालत असे, हा वृद्ध चालकांचा अनुभव खोटा नसला, तरी तो आजच्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

काळी जमीन आणि रस्ता

बैलगाडीला ना स्प्रिंग असे, ना शॉकअप. तरीही तिच्यातील माल बाजारात पोहोचत असे, कारण ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीत हेलकाव्याला जोर येत नाही. मोटार आली, वेग वाढला आणि त्या वेगाबरोबर हा भाग अनिवार्य झाला. रस्ता मात्र त्या मानाने बदललेला नाही. मराठवाड्यातील काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ज्या गुणामुळे ही जमीन कापसासाठी ओलावा धरून ठेवते, त्याच गुणामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो व थोडा खचतो. डांबर शाबूत दिसते, पण त्याखालील रस्ता लाटांसारखा होतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. तथापि शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा बराच प्रवास अद्यापही मुरूम, खडी आणि चाकोऱ्यांवरूनच होतो.

खड्डा एकदाच धक्का देतो. लाटांचा रस्ता मात्र त्याच तालावर पुन्हा पुन्हा धक्का देतो आणि हा ताल गाडीच्या हेलकाव्याशी जुळला की हेलकावा वाढत जातो. अशा रस्त्यावर शॉकअपला विसावा मिळत नाही. तेल तापते, पातळ होते आणि आतील हवेशी मिसळून त्याचा फेस होतो. फेसाळलेले तेल छिद्रांतून विनाविरोध जाते आणि शॉकअप असूनही नसल्यासारखा होतो. सपाट महामार्गावरील एखाद्या गाडीचा शॉकअप किती वर्षे टिकला, या मापाने काळ्या मातीच्या मुलखातील गाडीचा हिशेब करणे म्हणूनच योग्य होत नाही.

नुकसान कोठे होते?

शॉकअप निकामी झाला तरी गाडी बंद पडत नाही. याच कारणामुळे त्याची दुरुस्ती पुढे ढकलली जाते. नुकसान मात्र तीन ठिकाणी होत राहते.

पहिले टायरचे. चाक रस्त्यावर सलग न फिरता उड्या मारते, आणि टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज होते. झीज एका बाजूस सलग असेल तर चाकांच्या अलाइनमेंटचा संशय घ्यावा. ती वाटीसारखी तुटक असेल तर शॉकअप पाहावा.

दुसरे मालाचे. कापसाला या धक्क्यांचे विशेष काही वाटत नाही, आणि वाळलेल्या हळदीलाही नाही. टोमॅटो, पपई, केळी यांची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात फळवाहतुकीचा जो अभ्यास झाला, त्यात हेलकाव्यामुळे वरच्या थरातील फळांस अधिक इजा होते असे आढळले. सामान्य समजूत याच्या उलट आहे. वजनाने खालची फळे दबतात हे खरे, परंतु हौदा झपाट्याने खाली जातो तेव्हा वरचे फळ क्षणभर वजनरहित होते, जागेवर फिरते आणि पुन्हा शेजारच्या फळावर आदळते. हे हजारो वेळा घडले की सालीवर घासल्याचे डाग पडतात. अर्धापूर-मुदखेड भागातील केळी दुसऱ्या दिवशी काळवंडतात, तेव्हा कापणीला किंवा जातीला दोष देण्यापूर्वी गाडीकडे पाहणे इष्ट ठरेल. उदाहरणादाखल, १,५०० किलो केळींच्या खेपेत शंभरातील दोनच किलो माल डागाळला असे धरले, तरी ३० किलो माल हलक्या भावात जातो. अशा चाळीस खेपांत १२ क्विंटल होतात. शॉकअपची जोडी महाग की स्वस्त, हे या आकड्याशेजारी ठेवून ठरवावे.

तिसरे नुकसान जिवाचे. ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबते ती टायरच्या रस्त्यावरील पकडीमुळे. उड्या मारणाऱ्या चाकाला पकड नसते. ओल्या रस्त्यावर, वळणावर किंवा पुलाच्या उतारावर हा फरक प्राणघातक होऊ शकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर बसवून नेण्याची प्रथा आहे. कायदा तिला परवानगी देत नाही, आणि ती बंद झाली पाहिजे हे निर्विवाद आहे. जोवर ती चालू आहे, तोवर निकामी शॉकअपची गाडी म्हणजे परक्याच्या लेकीबाळींचा जीव पणास लावणे होय, हे मालकाने ओळखले पाहिजे.

बदलण्यापूर्वी तपासणी

शॉकअप बदलण्यापूर्वी दोष खरोखर त्याचाच आहे काय, हे पाहावे. पाटा तुटलेला नाही, यू-बोल्ट सैल नाहीत, बुश झिजलेले नाहीत, आणि टायरमधील हवा योग्य आहे, याची प्रथम खात्री करावी. खडखडाट बहुधा बुशचा असतो. तो तेवढ्यावरच थांबत असेल तर बुश बदलून काम भागते.

त्यानंतर शॉकअपची नळी पाहावी. दांड्याजवळ तेलाची पुसट ओल असणे हा दोष नव्हे. नळीवरून ओघळ उतरला असेल आणि त्यावर धुळीचा जाड थर बसला असेल, तर सील गेले असे समजावे. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा मोटारकारला चांगली लागू पडते. मालवाहू गाडीचे मागचे पाटे रिकाम्या स्थितीत इतके ताठ असतात की ही परीक्षा तेथे फसवी ठरते. त्याऐवजी खराब रस्त्यावरून दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून थांबावे, आणि दोन्ही बाजूंच्या शॉकअपच्या नळीजवळ हाताची पाठ सावधपणे न्यावी. काम करणारा शॉकअप गरम झालेला असतो. जोडीतला जो थंड राहिला, त्याने काम सोडलेले असते.

निवड करताना

दुकानात 'पिकअपचा मागचा शॉकअप द्या' एवढे सांगणे पुरेसे नाही. एकाच नावाच्या गाडीचे भारक्षमतेनुसार व वर्षानुसार अनेक प्रकार असतात. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रावरील प्रकार व उत्पादनाचे वर्ष सांगावे, आणि शक्य असल्यास जुन्या शॉकअपवरील भागक्रमांक जुळवून घ्यावा. त्याशिवाय पुढील मापे समोर धरून पाहावीत : पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी, बुशच्या छिद्राचा व्यास, आणि वरखाली बसविण्याची पद्धत, म्हणजे डोळा की खुंटी.

लांबीचे माप क्षुल्लक वाटते, पण बहुतेक अकाली मोडतोड त्यातूनच होते. शॉकअप लांब असेल, तर खड्ड्यात पाटा रबरी ठोकळ्याला टेकण्यापूर्वीच शॉकअपचा तळ गाठला जातो, आणि संपूर्ण भार त्याच्या नाजूक झडपांवर येतो. शॉकअप आखूड असेल, तर चाक खाली लोंबताना तोच साखळीसारखा ताणला जातो व त्याची बैठक उखडते. ज्यांनी गाडीला जादा पाटा घातलेला आहे, त्यांच्या गाडीची उंची बदललेली असते. तेथे मूळ मापाचा शॉकअपही नीट बसत नाही.

आता कडकपणाचा प्रश्न. मालक असे म्हणतो की आपला रस्ता खराब आणि भार जास्त, तेव्हा शॉकअपही जास्त ताठ हवा. हा तर्क अर्धाच खरा आहे. जास्त भाराच्या, अधिक ताठ पाट्यांच्या गाडीला अधिक विरोध करणारा शॉकअप लागतो, आणि उत्पादकाने त्या प्रकारासाठी तो तसाच ठरविलेला असतो. परंतु मूळ पाट्यांना फार कडक शॉकअप जोडला, तर दबलेला पाटा पुढील लाट येण्यापूर्वी पुरता उलगडत नाही. प्रत्येक लाटेबरोबर गाडी थोडी अधिक दबत जाते आणि अखेर ठोकळ्यावर आदळू लागते. परतीच्या रिकाम्या खेपेत तर हाच कडकपणा प्रत्येक खडा हौद्यापर्यंत पोहोचवितो, वेल्डिंगला तडे पाडतो आणि चालकाची कंबर मोडतो.

भार म्हणजे केवळ हौदा किती भरला एवढेच नव्हे. हिमायतनगरच्या मालकास दोन अगदी भिन्न ओझी वाहावी लागतात. कापसाची गाडी डोळ्यांना काठोकाठ भरलेली दिसते, पण वजनाने हलकी असते. तिचा धोका उंचीमुळे डोलण्याचा. सोयाबीनची शंभर किलोची पंधरा पोती हौद्याचा तळही पुरता झाकत नाहीत, आणि तरीही १५ क्विंटल भरतात. तिचा धोका दबण्याचा. या दोहोंना पुरा पडेल असा मधला तोल उत्पादकाने ठरविलेल्या जोडीतच सामान्यतः असतो. म्हणून ज्या गाडीला बदल केलेला नाही, तिच्यासाठी मूळ प्रतीचा किंवा त्याच मापांचा व क्षमतेचा नामांकित शॉकअप घ्यावा, हेच मत ग्राह्य धरावे लागते.

तेलाचा की वायूचा?

फेसाची अडचण दूर करण्यासाठी नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू भरण्याची पद्धत आहे. फ्रान्समध्ये ख्रिस्तियां बुर्सिए द कार्बों यांनी १९५३ च्या सुमारास एकाच नळीचा, उच्च दाबाचा वायुयुक्त शॉकअप सिद्ध केला. पुढे दोन नळ्यांच्या शॉकअपमध्येही कमी दाबाने वायू भरण्यात येऊ लागला. भारतात १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आज देशी बनावटीचे तिन्ही प्रकार सहज उपलब्ध आहेत.

एकनळी शॉकअप लवकर थंड होतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु त्याची बाहेरची नळी हीच दट्ट्याची वाट असते. उडालेल्या खडीने तिला पोचा पडला की दट्टा अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून लहानसा पोचा पडला तरी काम चालते. रोज खडीच्या रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीला म्हणूनच कमी दाबाच्या वायूचा दोन नळ्यांचा शॉकअप अधिक योग्य दिसतो. गाव ते तालुक्याचा बाजार एवढाच फेरा असेल तर साधा तेलाचा शॉकअपही पुरेसा आहे. लांबच्या सलग खेपा करणाऱ्याने मात्र थोड्या पैशांसाठी वायूचा शॉकअप नाकारू नये.

एक बदलावा की जोडी?

एकाच बाजूचा शॉकअप गळत असताना दोन्ही का बदलावेत, असे विचारले जाते, आणि खर्चाच्या दृष्टीने तो प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, एका आसाच्या दोन बाजूंचा विरोध सारखा नसेल तर ब्रेक लावताना व वळणावर गाडी एका अंगास ओढते. एका आसावरील जोडी एकदम बदलावी. पुढची आणि मागची जोडी एकाच वेळी बदलण्याचे बंधन नाही. हातात पैसे कमी असतील तर एका वेळी एक आस करावा, पण एका आसाचे दोन भाग करू नयेत.

जुन्या शॉकअपमध्ये तेल भरून, सील बदलून देण्याचा धंदाही चालतो. त्यात मूळ तेलाचा पातळपणा व मोजमाप राहीलच असे नाही, आणि झिजलेल्या झडपा तशाच राहतात. निदान पुढच्या, दिशा देणाऱ्या चाकांना असा शॉकअप बसवू नये. नवा घेतानाही पक्के बिल, हमीपत्र व वेष्टनावरील क्रमांक यांचा आग्रह धरावा.

बसविताना दोन गोष्टी मिस्त्रीकडून करवून घ्याव्यात. दोन नळ्यांचा शॉकअप आडवा ठेवलेला असल्यास आत हवा शिरलेली असते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणून-दाबून मगच बसवावा. बुशचे बोल्ट अखेरचे आवळताना गाडी चाकांवर उभी असावी. जॅकवर लोंबत्या स्थितीत आवळलेले बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात.

भाराची मर्यादा

अखेरीस एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मर्यादेपेक्षा जास्त भार वाहणाऱ्या गाडीसाठी योग्य शॉकअप असा नसतोच. जादा पाट्याने गाडीची पाठ उंच दिसते, परंतु आस, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई आहे. १९४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड सांगितला आहे. दंडाहून मोठी बाब रस्त्याची आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या रस्ता-चाचणीतून असे अनुमान निघाले की, आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने रस्त्याची हानी वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळा पट. आधीच काळ्या मातीवर डळमळणारा रस्ता जादा भाराने फुटतो, फुटलेला रस्ता शॉकअप फोडतो, आणि त्याचा खर्च भागविण्यासाठी मालक पुन्हा जादा भार घेतो. हे चक्र गावातील गाड्यांनीच चालविलेले आहे, आणि ते थांबविणेही काही अंशी गावाच्याच हाती आहे.

त्या दृष्टीने शेतकरी गटांनी व उत्पादक कंपन्यांनी दोन लहान पायंडे पाडावेत. नाशवंत माल भाड्याच्या गाडीत भरण्यापूर्वी टायरची झीज व शॉकअपचा ओघळ पाहण्याची जबाबदारी एका सभासदावर सोपवावी. आणि सभासदांच्या गाड्यांसाठी शॉकअपच्या जोड्या एकत्रित मागवून, भागक्रमांक जुळवून, पक्क्या बिलावर घ्याव्यात. बी-बियाणे घेताना पिशवीवरील जात, तारीख आणि क्रमांक वाचण्याची सवय शेतकऱ्याने परिश्रमाने लावून घेतली आहे. तीच सवय गाडीच्या सुट्या भागांनाही लावणे त्यास अवघड नाही. सोयाबीनच्या काढणीपूर्वीच, भाद्रपदात गाडी रिकामी असताना, ही तपासणी उरकून घ्यावी.